किशोरवयीन मुलांची बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया : घरच्यांनी काय काय सांभाळायचं?

रानजाई

बॅरिअ‍ॅट्रिक म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठरावर करतात ती शस्त्रक्रिया. ती 'करावी का' यावर भांडायला दुसरे धागे आहेत. हा धागा ज्यांच्या घरी निर्णय झालाय किंवा होत आलाय त्यांच्यासाठी. १३ ते १८ वयाच्या मुलामुलींच्या बाबतीत शस्त्रक्रियेआधी आणि नंतर घरात नेमकं काय करायचं, एवढंच इथे लिहू.

निकष थोडक्यात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सच्या २०१९च्या धोरणानुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ किंवा त्या वयाच्या ९५व्या पर्सेंटाइलच्या (शंभरातली ९५ मुलं ज्या आकड्याच्या खाली असतात त्याच्या) १२० टक्के (यातलं जे कमी असेल ते) आणि सोबत टाइप २ मधुमेह, स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडणं) असा एखादा गंभीर आजार. किंवा बीएमआय ४० अथवा १४० टक्के, मग आजार नसला तरी विचार करता येतो. आपल्याकडे शाळेत किंवा दवाखान्यात इंडियन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सचे २०१५चे तक्ते वापरतात. त्यातल्या २३ आणि २७च्या रेषा जादा वजन आणि लठ्ठपणा ओळखण्यासाठी आहेत. मूल २७च्या रेषेवर गेलं म्हणजे शस्त्रक्रियेला पात्र झालं, असं मुळीच नाही.

मुलांमध्ये सध्या बहुतेक वेळा स्लीव्ह करतात. जठराचा साधारण तीन चतुर्थांश किंवा थोडा जास्त भाग काढून केळ्याएवढी नळी ठेवतात. काढलेल्या भागात घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक तयार होत असतं, त्यामुळे पहिले काही महिने भूक खरंच कमी लागते. हे महिने म्हणजे सवयी लावून घ्यायचा काळ. भूक हळूहळू परत येते, तेव्हा घरात फरसाणाचा डबा होता तिथेच असेल तर कठीण आहे.

घरच्यांचं मुख्य काम माझ्या मते मुलावर पहारा ठेवणं नाही, घर बदलणं आहे. आहाराचे टप्पे आधी लिहिते, गोळ्यांवर कोणीतरी नीट लिहा.

आधीचे दोन आठवडे : कमी कर्बोदकांचा, भरपूर प्रथिनांचा आहार. यकृतावर चरबी चढलेली असते आणि त्याचा डावा भाग जठरावर येतो. ते आकसलं तर दुर्बिणीतून काम करायला जागा मिळते. "आता शेवटचं खाऊन घे" म्हणून याच दिवसांत हॉटेलं करणारी घरं असतात, त्यांनी सर्जनचं काम अवघड केलेलं असतं.

नंतरचे दोन आठवडे फक्त पातळ : मुगाच्या डाळीचं गाळलेलं पाणी, ताक, गाळलेलं सूप, पातळ दूध, शहाळं, आणि सांगितलेली प्रथिन पावडर. सुरुवात दर १५ मिनिटांनी ३० मिली. औषधाच्या बाटलीसोबत येणारं झाकण किंवा छोटं माप हाताशी ठेवा. 'थोडं थोडं' या शब्दाला काही अर्थ नसतो.

तिसरा-चौथा आठवडा : मिक्सरमधून काढलेलं. घोटलेलं वरण, नाचणीची पेज, कुस्करलेलं पनीर, मऊ अंडं.
पाचवा-सहावा : मऊ. मऊ शिजवलेली मुगाची उसळ, पिठलं, उकडलेला मासा काटे काढून, शिजवलेली दुधी-भोपळ्याची भाजी.
सहा-आठ आठवड्यांनंतर हळूहळू घरचं नेहमीचं, पण छोट्या वाटीत.

एका वेळी एकच नवा पदार्थ. त्रास झाला तर कशामुळे झाला ते कळतं.

धोपटमार्ग

छान सुरुवात. पोळी कधी? हा प्रश्न प्रत्येक घरात पहिल्या आठवड्यातच येतो.

रानजाई

सगळ्यात शेवटी. गरम मऊ पोळी नीट न चावता गिळली की तिचा गोळा होतो आणि अडकतो. ताज्या पावाचं आणि चिकट भाताचंही तेच. त्यापेक्षा आमटीत पूर्ण भिजवून कुस्करलेली भाकरी आधी चालते. कोरडे पोहे, कोरडी चिकन ब्रेस्ट, तंतू असलेल्या शेंगा यांनीही त्रास होतो.

अडकलं की छातीच्या मध्यभागी दाब येतो, तोंडात फेसाळ लाळ येते, मूल उठून बेसिनकडे जातं. अशा वेळी पाणी पाजू नका, वर आणखी भरल्यासारखं होतं. उभं राहू द्या, थोडं चालू द्या. बहुतेकदा १५-२० मिनिटांत सुटतं. सुटलं नाही, थुंकीही गिळता येत नाही, तर दवाखाना.

जेवताना पाणी नाही, जेवणानंतर ३० मिनिटं नाही. मग दिवसभर घोट घोट करून दीड लिटरच्या वर जायचंय, म्हणजे शाळेत बाटली बाकावर लागणार. वर्गशिक्षकांना आधीच चिठ्ठी द्या. सोडा, कोला बंद; गॅसने फुगतं आणि दुखतं.

डॉ_पिंपळपान

गोळ्यांचं मी लिहितो. हा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच इथे घात होतो. अमेरिकेतल्या टीन-लॅब्स अभ्यासात २४२ मुलामुलींचा पाठपुरावा झाला. तीन वर्षांनी वजन सरासरी २७ टक्क्यांनी उतरलेलं, टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांचा मधुमेह माघारी गेलेला. आणि त्याच मुलांपैकी ५७ टक्क्यांचं फेरिटिन, म्हणजे साठवलेलं लोह, कमी. वजनाचा आकडा सगळ्यांना दिसतो, फेरिटिनचा तपासल्याशिवाय दिसत नाही.

साधारण रोजच्या मात्रा (तुमच्या टीमने वेगळं सांगितलं तर तेच ऐका) :

मल्टिव्हिटॅमिन, ज्यात थायमिन किमान १२ मिग्रॅ आहे असं. बी१२ रोज ३५० मायक्रोग्रॅमच्या पुढे तोंडाने, नाहीतर महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. पूर्ण शाकाहारी घरात बी१२ आधीच तळाला असतं, त्यामुळे ते शस्त्रक्रियेपूर्वी तपासून भरून घ्यायचं. ड जीवनसत्त्व रोज ३००० युनिटच्या आसपास, रक्तातली पातळी ३० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर येईपर्यंत. लोह पाळी सुरू असलेल्या मुलींना ४५ ते ६० मिग्रॅ. कॅल्शियम १२०० ते १५०० मिग्रॅ, एका वेळी ५००-६०० पेक्षा जास्त नाही, कारण त्यापुढचं आतड्यात शोषलं जात नाही.

आता लेबलची गंमत. कॅल्शियम सायट्रेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम २१ टक्के असतं. पाकिटावर 'कॅल्शियम सायट्रेट १००० मिग्रॅ' लिहिलंय म्हणजे पोटात २१० मिग्रॅच कॅल्शियम गेलं. कार्बोनेटमध्ये ४० टक्के असतं, १२५०च्या गोळीत ५००. पण कार्बोनेट शोषायला जठरातलं आम्ल लागतं, म्हणून यांच्यासाठी सायट्रेट बरं. पाकिटावर 'एलिमेंटल' (म्हणजे प्रत्यक्ष) शब्दापुढचा आकडा शोधा. लोहालाही हेच लागू.

लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तास अंतर. लोहाबरोबर चहा-दूध नाही, लिंबूपाणी चालेल.

अंकगणित

डॉक, याचं रोजचं वेळापत्रक बसवून द्या ना. कागदावर सोपं वाटतं, पण सकाळी सातची शाळा, संध्याकाळी क्लास, यात चार वेळा गोळ्या कोण घेणार?

डॉ_पिंपळपान

रास्त. सकाळच्या शाळेच्या मुलासाठी असं बसतं :

दुपारी घरी आल्यावर जेवणानंतर मल्टिव्हिटॅमिन आणि बी१२. संध्याकाळी क्लासआधी कॅल्शियम ५००. रात्री जेवणानंतर कॅल्शियम ५०० आणि ड जीवनसत्त्व. झोपताना लोह, रात्रीच्या कॅल्शियमनंतर किमान दोन तासांनी. जेवण साडेआठला, झोप साडेदहा-अकराला असेल तर बसतं. उरलेलं कॅल्शियम दूध-दही-नाचणीतून येऊ द्या. मल्टिव्हिटॅमिनमध्ये थोडं लोह असतंच, म्हणून दुपारी त्याच्यासोबत कॅल्शियमची गोळी नको. लोहाने मळमळत असेल तर एक दिवसाआड देऊन चालेल का, हे विचारून घ्या. स्वतःहून बंद करू नका.

आठवड्याचा खणांचा डबा घ्या आणि रविवारी मुलानेच भरायचा. आईने भरला की ते आईचं काम होतं. च्युएबल मिळते ती घ्या. रंगीत गमीज मात्र नकोत, बहुतेकांत लोह नसतं.

साळुंकी

शाळेत मिळणारी निळी लोहाची गोळी मुलगी घेते आहे, मग वेगळी कशाला, असं बऱ्याच पालकांना वाटतं. ती ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिडची असते, पण आठवड्यातून एकदाच. निरोगी किशोरांसाठीचा तो कार्यक्रम आहे. या मुलांना रोज लागतं.

डॉ_पिंपळपान

+१. नेमका मुद्दा.

आणि थायमिनबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी लिहून ठेवा. शरीरात थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. मूल सारखं उलट्या करतंय, खात नाहीये, आणि नंतर चालताना झोकांड्या जातायत, एकाचे दोन दिसतायत, गोंधळल्यासारखं बोलतंय, तर ही आणीबाणी आहे, त्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. कॅज्युअल्टीत ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरला सांगा : 'बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया झाली आहे, ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन द्या.' थायमिन नसताना ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलं थायमिनही संपतं.

मुलाच्या पाकिटात एक कार्ड ठेवा : शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख, सर्जनचा फोन, 'नाकातून नळी अंदाजाने घालू नये' आणि 'वेदनाशामक विचारून'.

पहिल्या महिन्यात रात्री-अपरात्री फोन करायची कारणं : नाडी मिनिटाला १२०च्या वर राहणं, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, खांद्यात दुखणं, धाप, पिंडरी सुजून दुखणं. शिवणीतून गळती असेल तर बऱ्याचदा आधी नाडीच वाढते, पोट नंतर दुखतं. साधा पल्स ऑक्सिमीटर घरात असू द्या.

कैरीपन्हं

प्रथिनांचं गणित कोणी मांडेल का? '६० ते ८० ग्रॅम' असं सगळे सांगतात आणि पुढे जातात. शाकाहारी पोरगं, अर्धी वाटी पोट, कुठून आणायचे ६०?

रानजाई

मांडते. शस्त्रक्रियेनंतर दोन-अडीच महिन्यांचं, शाकाहारी :

सकाळी २०० मिली दूध आणि एक माप व्हे (दुधातल्या प्रथिनांची) पावडर : ६ + २४ = ३०
शाळेच्या डब्यात ५० ग्रॅम पनीरची भुर्जी : ९
दुपारी अर्धी वाटी घट्ट वरण, वर दोन चमचे भाजी : ४
चारला तीन-चार चमचे चक्का, साखर न घालता : ५-६
रात्री भिजवलेल्या मुगाचं छोटं धिरडं, ३० ग्रॅम मुगाचं : ७
झोपण्यापूर्वी बराच आधी १५० मिली दूध : ५

६०च्या घरात गेलं. यात व्हे काढली की ३६वर येता, म्हणून सुरुवातीचे काही महिने पावडर टाळू नका. ती 'जिमवाल्यांची' म्हणून आजी-आजोबा नाक मुरडतात, त्यांना हा हिशोब दाखवा. दूध सोसत नसेल तर व्हे आयसोलेट. अंडी चालत असतील तर प्रत्येकी ६ ग्रॅम, काम सोपं. सोयाचे तुकडे २० ग्रॅम कोरडे म्हणजे १० ग्रॅम प्रथिनं, पण ते बारीक करून, आणि पाचव्या आठवड्यानंतर.

ताटात क्रम : आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर भाकरी-भात. आपल्याकडचं ताट नेमकं उलटं वाढलं जातं.

रात्रीचं दूध आणि डॉक्टरांचं लोह यांची टक्कर होते हे लक्षात आलंय. दूध जेवणाजवळ घ्या.

धोपटमार्ग

केस गळतात त्याचं? त्या वयात मुलींना वजनापेक्षा केसांची जास्त धास्ती असते.

डॉ_पिंपळपान

साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात. झपाट्याने वजन उतरलं की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात. मुळं शाबूत असतात, परत येतात. आधीच सांगून ठेवलं की घबराट अर्धी होते. सहा महिन्यांनंतरही गळत राहिले तर फेरिटिन, झिंक, प्रथिनं पाहायची. बायोटिनच्या महागड्या बाटल्या कशाला? शिवाय जास्त बायोटिनने थायरॉइडच्या काही चाचण्या चुकीच्या येतात.

साळुंकी

मानसिक बाजू कोणीच घेतली नाही अजून, म्हणून लिहिते.

एक, घरात वजनकाटा आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. मध्ये दोन-तीन आठवडे काटा हलत नाही, तो काळ ठरलेला आहे, तेव्हा घरच्यांनी 'चोरून खातेस का' म्हणायचं नाही. चोरून खाणं अशा प्रश्नांनीच सुरू होतं.

दोन, समारंभात नातेवाईक. 'काय गं, ओळखलीच नाही, आधी केवढी होतीस!' याला मुलीने काय म्हणायचं ते आधी ठरवा. कोणाला सांगायचं हे तिचं ती ठरवेल. मावशीला आईने परस्पर सांगून टाकलं की विश्वास गेला.

तीन, शस्त्रक्रियेने नैराश्य जात नाही. काहींना पहिलं वर्ष बरं वाटतं आणि मग उतरण लागते, कारण वजन गेलं तरी वर्गातले तेच, घरातले वाद तेच. झोप उडणं, मित्र सोडणं, स्वतःला इजा करण्याचं बोलणं दिसलं तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, त्याच दिवशी समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं.

चार, आधी बकाबका खाण्याचा आजार असेल तर तो शस्त्रक्रियेपूर्वी उपचारात हवा. नंतर तो दिवसभर थोडं थोडं चरत राहण्याच्या रूपात परत येतो. आइस्क्रीम, चॉकलेट, मिल्कशेक छोट्या जठरातूनही सहज सरकतात.

कैरीपन्हं

मिल्कशेकवरून आठवलं, दिवाळी आणि गणपती?

रानजाई

स्लीव्हऐवजी जठराची बायपास (जठराचा छोटा कप्पा करून तो थेट आतड्याला जोडतात ती) झाली असेल तर मोदक, बासुंदी, गुलाबजाम खाऊन १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब. याला डंपिंग म्हणतात : साखर एकदम आतड्यात उतरते आणि पाणी ओढून घेते. काहींना एक ते तीन तासांनी साखर उतरून चक्कर येते. स्लीव्हमध्ये हे कमी प्रमाणात असतं, म्हणून स्लीव्हवाल्यांना गोडाची अडचण जाणवत नाही, आणि तीच त्यांची अडचण.

नैवेद्याचा एक चमचा जेवणानंतर, जेवणाऐवजी नाही. चकली-शेव तोंडात विरघळते आणि पोट भरल्याची जाणीव देत नाही. उपवास पहिलं वर्षभर नको. साबुदाणा म्हणजे निव्वळ कर्बोदकं, प्रथिनं नाहीत, आणि चिकटतो.

अंकगणित

विम्याचं सांगतो, कारण इथे लोक तोंडघशी पडतात. इर्डाईने (विम्याच्या सरकारी नियामकाने) २०१९मध्ये वगळण्याच्या कलमांची भाषा एकसारखी केली. त्यातल्या 'एक्सक्ल ०६' या कलमात लठ्ठपणाची शस्त्रक्रिया काही अटींवरच मान्य आहे, आणि त्यातली एक अट अशी की सदस्याचं वय १८ किंवा जास्त हवं. बीएमआय ४०, किंवा ३५ आणि गंभीर सहव्याधी, हेही आहेच. म्हणजे १५-१६ वर्षांच्या मुलाचा दावा वैयक्तिक पॉलिसीत सहसा इथेच अडकतो. कंपनीच्या समूह पॉलिसीत वेगळ्या तरतुदी असू शकतात, मनुष्यबळ विभागाकडून पूर्ण मजकूर मागवा. तोंडी 'होऊन जाईल सर' यावर तारीख घेऊ नका, पूर्वमंजुरी लेखी घ्या. आणि खर्चात फक्त ऑपरेशन धरू नका. गोळ्या, पावडर, वर्षाच्या रक्त तपासण्या कायमच्या आहेत.

धोपटमार्ग

थोडा वेगळा सूर लावतो. आता सेमॅग्लुटाइड हे वजन उतरवणारं औषध आहे, अमेरिकेत डिसेंबर २०२२पासून १२ वर्षांपुढे मान्यता आहे. मग जठर कापायची घाई कशाला?

डॉ_पिंपळपान

घाई नकोच. औषध हा खरा पर्याय आहे आणि कित्येकांना आधी तोच द्यावा. पण थांबवलं की वजन परत चढतं, म्हणजे तेही लांब पल्ल्याचंच. बीएमआय ४५ आणि मधुमेह असलेल्या मुलाला नुसतं औषध पुरेलच असं नाही. टीन-लॅब्सचे दहा वर्षांचे आकडे २०२४ मध्ये आले, त्यात सरासरी सुमारे २० टक्के घट टिकून आहे. तीन वर्षांच्या २७वरून २०, हेही वाचा. शस्त्रक्रियेनंतर वजन मुळीच वाढत नाही असं सांगणाऱ्याकडे जाऊ नका.

साळुंकी

व्यायामाचं दोन ओळीत : चालणं त्याच दिवशी संध्याकाळपासून, पायात गाठ होऊ नये म्हणून. सहा आठवडे पाच किलोच्या वर उचलणं नाही, म्हणजे दप्तरही नाही. शाळेत पुस्तकांचा दुसरा संच ठेवा. त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम हवाच, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. सूर्यनमस्कार, भिंतीला टेकून बैठका, रबरी पट्टा पुरे. जखमा भरल्या की पोहणं उत्तम, गुडघ्यांवर भार येत नाही. झोप ८ ते १० तास. स्लीप अ‍ॅप्नियाचं यंत्र असेल तर वजन उतरलं म्हणून मुलाने स्वतःहून काढून ठेवायचं नाही, झोपेची चाचणी पुन्हा होईपर्यंत लावायचं.

कैरीपन्हं

बारावीनंतर मूल बाहेरगावी गेलं की? पुण्याचं मूल मणिपालला, लातूरचं पुण्याला.

डॉ_पिंपळपान

तिथेच पाठपुरावा तुटतो. बालरोगतज्ज्ञ सोडतात, नवे डॉक्टर शोधले जात नाहीत, गोळ्या संपतात. जाण्याआधी तीन कामं : नव्या गावातल्या फिजिशियनची एक भेट, शस्त्रक्रियेच्या नोंदी फोनमध्ये पीडीएफ करून, आणि सहा महिन्यांच्या गोळ्या बरोबर. तपासण्या पहिल्या वर्षी ३, ६, १२ महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी : हिमोग्राम, फेरिटिन, बी१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), बायपास असेल तर झिंक, कॉपरही. वाढदिवसाच्या महिन्यात करा, लक्षात राहतं.

होस्टेलवर जाणाऱ्यांशी दोन गोष्टी स्पष्ट बोला. दारू यांना, विशेषतः बायपासनंतर, लवकर आणि जास्त चढते. मित्रांच्या मापाने घेतलेलं अंगाशी येतं. दुसरं, वजन उतरलं की पाळी नियमित होते, पीसीओएस (संप्रेरकांच्या गडबडीने पाळी अनियमित होण्याचा आजार) असलेल्या मुलीलाही दिवस राहू शकतात, आणि पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. हे स्त्रीरोगतज्ज्ञांनी मुलीशी एकटीशी बोलावं, आईने मध्ये बसू नये.

रानजाई

मेससाठी : दही, उकडलेली अंडी, भाजलेले चणे (३० ग्रॅम म्हणजे ६ ग्रॅम प्रथिनं, पण नीट चावून), पावडरचा डबा आणि शेकर. मेसमधली डाळ पाणीदार असते, तळातली मागा.

साळुंकी

पाळीत पोट दुखतं तेव्हा मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी मैत्रिणींकडून सहज मिळते. ती चालते का?

डॉ_पिंपळपान

बायपास असेल तर नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकही नाही. जिथे जठर-आतडं जोडलंय तिथे अल्सर होतो, कधी फुटतो. स्लीव्हमध्येही सर्जनला विचारल्याशिवाय नको. पॅरासिटामॉल, गरम पाण्याची पिशवी, लागलं तर ड्रोटाव्हरिन. तरी दर महिन्याला शाळा बुडत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, आणि रक्तस्राव जास्त असेल तर फेरिटिन वर्षाची वाट न पाहता आत्ताच तपासा.

साळुंकी

धन्यवाद. कार्डावर 'वेदनाशामक विचारून' ऐवजी ही नावंच लिहायला हवीत.

डॉ_पिंपळपान

हो, नावं लिहा. मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही, केमिस्टला दाखवता येईल.